डोळे कोणाचे घेतले?

चौसाळ्यातले छायाचित्रकार रामकिसन घोलप यांचं गेल्या महिन्यात, बाजाराच्या दिवशी, सकाळी साडेदहा ते अकराच्या दरम्यान त्यांच्या स्टुडिओत निधन झालं. वय बासष्ट. कारण हृदयविकार, डॉक्टरांनी तसं लिहून दिलं आहे. चहा घेऊन गेलेल्या त्यांच्या पत्नीला, कौसल्यावहिनींना, ते टेबलावर डोकं टेकून बसलेले दिसले. निगेटिव्ह पाहायची दिव्याची पेटी चालू होती. मला फोन आला तेव्हा सव्वाअकरा झाले होते आणि मी बीडमध्ये होतो. "भावजी, निघा लवकर," एवढंच वहिनी म्हणाल्या. काय झालं, हे मी विचारलं नाही... तीस वर्षं बातमीदारी केलेल्या माणसाने पहिल्यांदा तेच विचारायला हवं होतं. बातमीत 'ते' लिहावं लागतं म्हणून इथवर तसं लिहिलं. पुढे 'तो' लिहितो. मी त्याला एकेरीच हाक मारत होतो.

आमची ओळख कामातून झाली. मी जिल्ह्याच्या एका दैनिकाचा वार्ताहर होतो आणि चौसाळा, नांदूरघाटकडच्या बातम्यांना फोटो लागायचे. रामकिसनचा स्टुडिओ बस थांब्याच्या मागच्या गल्लीत, पुढे दुकान, मागे घर. लग्नं, शाळेची स्नेहसंमेलनं, पासपोर्ट फोटो हा त्याचा मुख्य धंदा, बातमीचे फोटो जोडीला. एका निवडणुकीत एका पुढाऱ्याची सभा झाली आणि मागच्या बऱ्याच खुर्च्या रिकाम्या राहिल्या. पुढाऱ्याचा माणूस दुकानात आला आणि म्हणाला, "घोलप, तेवढी मागं गर्दी भरा की. तुमाला कॉम्प्युटरवर येतंय म्हणं." रामकिसन म्हणाला, "येतंय ना. पण तुमी पुढच्या सभेला मानसं आना, म्या फुकट फोटो काढतो." माणूस चिडून गेला. मी त्या वेळी तिथेच बाकावर बसलो होतो. यावरून तो फार तत्त्वनिष्ठ होता असं कुणी समजू नये. त्याच दिवशी दुपारी त्याने एका मुलीचा स्थळासाठीचा फोटो तिच्या आईच्या सांगण्यावरून दोन छटा उजळ केला. बायकांना गोरं करणं, पुरुषांना कोट घालणं, टकलावर फेटा चढवणं हे त्याने आयुष्यभर केलं आणि त्याची त्याला लाज नव्हती. "लोकायला जसं दिसावं वाटतं तसं एक डाव तरी दिसू द्यावं," असं तो म्हणायचा.

एका कामाबाबत मात्र त्याचा नियम होता. आमच्या भागात बऱ्याच म्हाताऱ्या माणसांचा आयुष्यात एकही फोटो निघालेला नसायचा. माणूस गेला की मग रामकिसनला बोलावणं यायचं. प्रेताला आंघोळ घालून, नवं धोतर नेसवून खुर्चीत बसवायचे, मागून कुणीतरी मान धरायचा आणि तो फोटो काढायचा. दहाव्याला जो फोटो भिंतीवर लागायचा त्यात डोळे उघडे लागत. ते उघडायचं काम रामकिसनचं. सुरुवातीला ब्रशने, नंतर कॉम्प्युटरवर. पण डोळे तो मनाने काढत नसे. मेलेल्या माणसाचा सख्खा भाऊ, तो नसला तर मुलगा किंवा मुलगी, याला तो दिव्याखाली स्टुलावर बसवायचा, तेवढाच उजेड, तेवढाच कोन ठेवून डोळ्यांचा फोटो काढायचा आणि ते डोळे त्या चेहऱ्यात बसवायचा. बसवण्याआधी विचारायचा, "तुझे डोळे वडिलाला देऊ का?" पोरं रडायची, हो म्हणायची. नांदूरघाट, चौसाळ्याच्या आसपासच्या कितीतरी घरांत आज्यांच्या चेहऱ्यावर नातवंडांच्या बापाचे डोळे आहेत आणि ते त्या घरांना माहीत आहे. मी हे छापू का, असं एकदा विचारलं तेव्हा तो म्हणाला, "यात काय छापायचं बे? घरातलीच चीज घरात दिली."

तीनेक वर्षांपूर्वी त्याच्या फोटो दुरुस्तीच्या सॉफ्टवेअरमध्ये नवी सोय आली. फोटोतला हवा तो भाग निवडायचा, बटण दाबायचं, आणि एआय तिथे नसलेलं चित्र तयार करून भरतं. त्याने पहिला प्रयोग माझ्यावर केला. माझ्या टकलावर त्याने दाट काळे केस उगवले. "बघ बे पत्रकार, बिनपावसाचं पीक. घरी आमच्या वहिनीला दाखीव, तुला वळखती का बघ." आम्ही हसलो. मग त्याने तो फोटो मोठा करून बराच वेळ पाहिला. केसांबरोबर त्या यंत्राने माझ्या कपाळावरचा लहानपणच्या खोकेचा वण पुसून टाकला होता, जो त्याने निवडलाच नव्हता. "हे म्या सांगितलं नव्हतं," तो म्हणाला. "आपल्या मनानं केलं त्यानं." त्याने तो फोटो पुसला. पण सोय ठेवली. पाठीमागचा कचरा, तार, नको असलेला माणूस काढायला ती बरी पडते आणि लग्नसराईत वेळ वाचतो, असं त्याचं म्हणणं होतं.

दोन वर्षांपूर्वीच्या लग्नसराईत नांदूरघाटची रेखा त्याच्याकडे आली. आडनाव मुद्दाम देत नाही. चार दिवसांवर तिचं लग्न होतं. वडवणीचं स्थळ. तिच्या वडिलांना, बन्सींना, ती एक वर्षाची असताना ऊसतोडीच्या हंगामात मरण आलं. कारखान्याकडे जाताना ट्रॉली उलटली. अंत्यसंस्कार तिकडेच झाले, त्यामुळे शेवटचा फोटोही निघाला नाही. घरात एकच फोटो होता, फ्रेममध्ये. ओल लागून तो काचेला चिकटला होता आणि साफ करायला म्हणून कुणीतरी तो काढला तेव्हा वरचा भाग काचेलाच राहिला. उरलं होतं ते नाकाचं टोक, मिशा, हनुवटी आणि सदऱ्याची कॉलर. मांडवात वडिलांच्या जागी खुर्चीवर फोटो ठेवायचा असतो, तो हवा, एवढंच तिचं म्हणणं. रामकिसनच्या दुकानात त्या दिवशी तीन लग्नांचे अल्बम अडकले होते. त्याने बन्सींच्या फोटोतली फाटकी जागा निवडली आणि बटण दाबलं. यंत्राने चार चेहरे दिले. त्याने त्यातला एक घेतला, मिशांशी जुळवला, मोठा करून दिला. रेखाने फोटो पाहिला आणि म्हणाली, "बाबा असे व्हते व्हय!" सोबत तिची आई होती, गयाबाई. त्यांनी फोटो हातात घेतला, जरा वेळ पाहिला आणि म्हणाल्या, "हां. असेच." दोघी गेल्या. मांडवात तो फोटो खुर्चीवर होता. त्याचीच एक प्रत रेखाने सासरी वडवणीला नेली.

हे सगळं रामकिसनने मला नंतर सांगितलं. त्यातलं एक वाक्य तो दर वेळी सांगायचा आणि सांगताना थांबायचा. "पोरगी माझ्या म्होरं हुबी व्हती बे. स्टूल रिकामं व्हतं, दिवा चालू व्हता. बस म्हनायला मला काय झालतं?..."

हे त्याला खुपायला लागलं ते मात्र त्या दिवशी नाही. मागच्या वर्षी नांदूरघाटला एका शाळेच्या कार्यक्रमाचे फोटो काढायला तो गेला. तिथून परतताना गयाबाईंनी त्याला रस्त्यात ओळखलं आणि घरी नेलं. भिंतीवर बन्सींचा तो फोटो होता, ताजा हार घातलेला. चहा ठेवत गयाबाई म्हणाल्या, "भाऊ, तुमचे लई उपकार हायेत." मग त्या म्हणाल्या ते त्याने मला जसंच्या तसं सांगितलं आणि मी त्याच दिवशी वहीत लिहून ठेवलं. "खरं सांगू का भाऊ, माझ्या ध्यानात ह्यांचा चेहरा उरलाच नव्हता. दोन तपं व्हत आली. कवा मवा यायचा डोळ्याम्होरं, हाललेल्या पान्यात दिसल्यावानी. तुमी फोटो दिल्यापून लख्ख दिसत्यात. पर असेच दिसत्यात. ते पयलं जरासं यायचं ना, ते आता येत न्हाई." मग त्यांनी विचारलं, "तुमच्याकडं व्हताच की ह्यांचा फोटो. तोडीला जायच्या आदी, दसऱ्याच्या टायमाला, आमी तिगं तुमच्या दुकानात आलतो. परत आल्यावर नेऊ म्हनलं, मग न्यायला कोन येतंय... त्याच्यावरूनच केला ना तुमी?"

रामकिसनने मान हलवली. हो म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मोटारसायकलवर बीडला माझ्या घरी आला. तोवर तो कधीही न कळवता आला नव्हता. त्याने हे सांगितलं आणि म्हणाला, "बाईकडं जरासा नवरा उरलता. म्या तेवढा बी पुसला." मी त्याला समजावलं. तुझा हेतू वाईट नव्हता, बाई समाधानी आहे, मुलीला बाप दिसला, असं सगळं. शिवाय म्हणालो, तूच तर आयुष्यभर फेटे चढवलेस. त्यावर तो म्हणाला, "फेटा उतरिवता येतो बे. खाली मानूस तोच ऱ्हातो." मग म्हणाला, "भावाचे डोळे घेतले तर भाऊ समोर बसलेला असतो. दोघांचं रगत एक असतं, आन् म्या त्याला इचारलेलं असतं. ह्या मशीननं कोनाचे घेतले? कोनाला इचारलं?" मी म्हणालो, लाखो फोटो पाहून ते शिकतं, असं मी वाचलंय. "लाखाचे म्हंजे कोनाचेच न्हाई," तो म्हणाला. "कोनाचेच नसलेले डोळे म्या त्या बाईच्या घरात लावून आलो, आन् ती रोज सकाळी त्येला फूल वाहती."

त्याने ती सोय कॉम्प्युटरवरून काढून टाकली. गिऱ्हाईक आलं की सांगायचा, न्हाई येत मला. एकाने त्याला तोंडावर ऐकवलं, "काका, माझ्या मोबाईलवर व्हतंय आन् तुमी फोटोवाले असून तुमाला येईना?" रामकिसन म्हणाला, "मग मोबाईललाच सांग बे, लग्नाला बी तोच ने." माणूस हसत गेला, पण परत आला नाही. हेही खरं आहे. आणि हेही नोंदवलं पाहिजे की रामकिसनला स्वतःच्या मताची खात्री नव्हती. एकदा म्हणाला, "समज, म्या ब्रशनं काढले असते डोळे, मनानं, तर काय निराळं व्हतं? तवा बी खोटेच. मग मला आताच कावून झोंबतंय?" थोड्या वेळाने त्यानेच उत्तर दिलं, "ब्रशनं काढलेले दिसले असते काढलेले. बाईला कळलं असतं, का ही जागा घोलपानं भरली. तिनं आपला तिच्याकडचा जपून ठेवला असता." हे त्याचं अंतिम मत होतं की नाही, मला सांगता येणार नाही.

खात्रीची गोष्ट एकच उरली होती. बन्सींचा खरा फोटो त्याने स्वतः काढलेला होता. फोटो तयारही झाला असणार. न्यायला न आलेले फोटो तो वर्षभर ठेवून मग काढून टाकायचा, निगेटिव्ह मात्र टाकत नसे. त्या पोटमाळ्यावर होत्या, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत. डब्यांवर साल होतं, नावं नव्हती. तो काळ धरून आधीच्या-नंतरच्या सालांचे एकूण चौदा डबे निघाले. ते खाली आणून तो रोज सकाळी दुकान उघडल्यावर पहिलं गिऱ्हाईक येईपर्यंत दिव्याच्या पेटीवर एकेक पट्टी ठेवून पाहू लागला. जोडपं आणि कडेवर तान्हं मूल, एवढीच खूण. पाहून झालेल्या डब्यावर तो खडूने बरोबरची खूण करायचा. काही पट्ट्या ओलीने एकमेकींना चिकटल्या होत्या. त्या सुट्या करायला दिवस जायचा.

माझी त्याची शेवटची भेट तो जाण्याच्या नऊ दिवस आधी झाली. अकरा डब्यांवर खूण होती. त्याचे डोळे लाल झाले होते आणि डाव्या हाताला मुंग्या येतात असं तो म्हणाला होता. मी डॉक्टरांकडे चल म्हणालो. "तीन डबे ऱ्हायलेत, ते झाले की जाऊ," तो म्हणाला. मी आग्रह धरला नाही. वहिनी आतून म्हणाल्या, "भावजी, तुमीच सांगा ह्यांना, त्या बाईनं काय मागितलं बी न्हाई." तो म्हणाला, "मागितलं न्हाई म्हनूनच." मी निघताना त्याने हाक मारली. "सापडला आन् मी नसलो तर तू ने. आन् खरं काय ते सांग. मला मान हालवायची सवय हाय." मी त्याला तेव्हा शिवी दिली. ते माझे त्याच्याशी शेवटचे शब्द.

दहाव्याला गयाबाई आणि रेखा येऊन गेल्या. तेराव्यानंतर कौसल्यावहिनींनी मला बोलावलं आणि डबे पुढे ठेवले. निगेटिव्हमध्ये काळ्याचं पांढरं दिसतं, चेहरा ओळखू येत नाही, म्हणून मी प्रत्येक पट्टी पेटीवर ठेवून मोबाईलने फोटो घ्यायचो आणि रंग उलटे करून वहिनींना दाखवायचो. राहिलेल्या तीन डब्यांत काही मिळालं नाही. वहिनी म्हणाल्या, आता पहिल्यापासून बघू. सातव्या डब्यात, चौथ्या दिवशी, त्यांनी माझा हात धरला. "ही बाई दहाव्याला आल्ती." स्टुडिओच्या निळ्या पडद्यापुढे गयाबाई उभ्या होत्या, वय असेल वीस. कडेवर टोपडं घातलेली मुलगी. शेजारी एक सडपातळ माणूस, मिशा फोटोतल्यासारख्याच. डोळे बारीक, डाव्या डोळ्याची पापणी जराशी उतरलेली. रेखाची तशीच आहे. डब्यावर रामकिसनच्या हातची बरोबरची खूण होती. म्हणजे तो डबा त्याने पाहिला होता. ही पट्टी त्याच्या नजरेतून कशी सुटली, हे आम्हाला कळलेलं नाही. पट्टी चिकटलेली नव्हती. वहिनी बराच वेळ त्या खुणेवर बोट ठेवून बसल्या होत्या.

बीडमध्ये फोटो तयार करून घेतला. फोटो लॅबमधल्या माणसाला सांगितलं, डाग दिसले तरी चालतील, काही भरू नका. मागच्या आठवड्यात मी आणि वहिनी नांदूरघाटला गेलो. रेखा माहेरी आली होती. पहिला फोटो या फोटोवरून केलेला नव्हता, वरचा चेहरा कॉम्प्युटरने तयार केला होता आणि रामकिसनने त्या दिवशी खोटी मान हलवली, हे मी सांगितलं. रेखाने विचारलं, "मग ते डोळे कोनाचे हायेत?" मी म्हणालो, "कोणाचेच नाहीत." तिने आईकडे पाहिलं. गयाबाई म्हणाल्या, "भाऊ गेले बिचारे, आता त्यांना कावून बोल लावायचा," आणि त्यांनी हात पुढे केला.

फोटो घेऊन त्या दाराशी उजेडात गेल्या. बराच वेळ पाहिला. मुलीच्या टोपड्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "सदरा वळखीचा हाय. ही खालची गुंडी तुटली व्हती, म्या दुसरी लावलती, पांढऱ्यात तांबडी... ही बघ." रेखा त्यांच्या खांद्यावरून वाकून पाहत होती. ती म्हणाली, "आई, आन् बाबा? बाबाच हायेत ना हे?"

गयाबाईंनी फोटो जवळ धरला, लांब धरला.

"असतीलच की," त्या म्हणाल्या. "म्या शेजारी हुबी हाय न्हवं."

त्यांनी फोटो पदराने पुसला आणि ट्रंकेत, लुगड्याच्या घडीत ठेवला. काल मी रेखाला फोन करून विचारलं. तो अजून ट्रंकेतच आहे. भिंतीवर पहिलाच फोटो आहे.